दगड, जीवाश्म की हत्यार : प्रवरा खोऱ्यातल्या वर्गीकरणाच्या नोंदी

५ जानेवारी : साठा आणि उद्देश

नेवासे परिसरातल्या बांधांवरून, विहिरींच्या ढिगाऱ्यांतून आणि प्रवरेच्या पात्रातून लोकांनी उचलून जपलेले दगड वर्गीकरणासाठी आले आहेत. सोबतच्या चिठ्ठ्यांवर 'डायनासोरचे अंडे', 'हाडाचा दगड', 'आदिमानवाची कुऱ्हाड', 'पानाचा ठसा' असे लिहिलेले आहे. ट्रे चार ठेवले : नैसर्गिक, जीवाश्म, घडवलेले आणि 'ठरत नाही'. चौथा ट्रे रिकामा करण्याची घाई करायची नाही.

या भागात चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते. ह. धी. सांकलिया आणि डेक्कन कॉलेजच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ पासून नेवाशाला उत्खनन केले आणि इथल्या चर्ट-जॅस्परच्या (सिलिकेचे कठीण, बारीक कणांचे दगड) मध्य पुराश्मयुगीन हत्यारांवरून 'नेवासियन' हे नाव रूढ झाले. जवळच चिरकी नाल्यावर गुड्रुन कॉर्व्हिनस यांनी १९६६ ते १९६९ या काळात अश्युलियन (पुराश्मयुगाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या) हातकुऱ्हाडी आणि फरश्या (सरळ, रुंद धारेची दगडी हत्यारे) उजेडात आणल्या. खरी हत्यारे या मातीत आहेत, म्हणून बेफिकिरीने टाकून दिलेला छिलका (आघाताने दगडातून सुटलेला पातळ तुकडा) हे कायमचे नुकसान. उलट नदीने फोडलेल्या गारगोट्या हत्यारे म्हणून नोंदल्या, तर नसलेली स्थळे नकाशावर उगवतात आणि पुढची माणसे वर्षानुवर्षे त्यांच्या मागे फिरतात.

शिवारात फिरतानाचा नियम आजच ठरला. नदीकाठच्या कड्यात उघड्या पडलेल्या रेतीगोट्यांच्या थरातून काहीही उपसायचे नाही. पट्टी ठेवून फोटो, जीपीएस वाचन, थराची जमिनीपासूनची खोली एवढेच घ्यायचे आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला कळवायचे. थरातून सुटलेल्या वस्तूची अर्धी ओळख तिथेच राहते.

७ जानेवारी : दगड हातात घेण्याआधी भूशास्त्र

चिठ्ठीवरचा दावा आधी खडकाशी ताडून बघायचा. नेवाशाच्या खाली दख्खनचा बेसाल्ट आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतलेला लाव्हा. वितळलेल्या खडकात हाड टिकत नाही. त्यामुळे इथल्या कातळातून निघालेले 'अंडे' कितीही गोल असले तरी ते अंडे नाही, त्याला भिंगही लावायला नको.

महाराष्ट्रात त्या काळातले जीवाश्म दोन जागी मिळतात. एक, लाव्ह्याच्या खालच्या लॅमेटा थरांत; चंद्रपूर जिल्ह्यातले पिसदुरा हे त्याचे ठिकाण, तिथे डायनासोरची हाडे आणि अश्मीभूत विष्ठा मिळते. दोन, लाव्ह्याच्या दोन ओतींच्या मधल्या गाळात. नागपूरजवळच्या टाकळीचे असे थर स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासले. तिथल्या चर्टमध्ये गोड्या पाण्यातल्या गोगलगायी सापडतात. मुंबईत वरळीच्या अशाच थरातून लहान बेडकांचे सांगाडे मिळाले.

प्रवरा-गोदावरीत मात्र जीवाश्म फक्त नदीच्या जुन्या गाळात. नांदूर मध्यमेश्वरच्या गाळातल्या हत्तीच्या जीवाश्माची नोंद भूशास्त्रज्ञ पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये केली; बॉस नमाडिकस या रानबैलाचे अवशेषही गोदावरी खोऱ्यातून आलेले आहेत. इथे अपेक्षा धरायची ती हत्ती, गुरे, घोडा, पाणघोडा यांची हाडे-दात आणि नदीतले शिंपले यांची. ही यादी टेबलासमोर लावली. यादीबाहेरचे काही दिसले की आधी स्वतःच्या निरीक्षणावर शंका घ्यायची.

९ जानेवारी : धुणे

दगडांना साधे पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश. तारेचा ब्रश वर्ज्य : बेसाल्टवर त्याच्या करड्या धातूच्या रेघा उमटतात आणि नंतर त्या नांगराच्या किंवा जेसीबीच्या खुणांसारख्या वाचल्या जातात. चुन्याचे पापुद्रे ॲसिडमध्ये बुडवून काढायचे नाहीत. हत्यारावर चिकटलेला चुना आणि रेती हा ते कुठल्या थरातून आले याचा एकमेव पुरावा असू शकतो.

हाड वाटणारी कोणतीही वस्तू पाण्यात घालायची नाही. सच्छिद्र हाड पाणी पिते आणि वाळताना तडकते. कोरड्या ब्रशने माती झाडायची, सावलीत ठेवायचे. भुगा होऊ लागला असेल तरच ॲसिटोनमध्ये ५ टक्के पॅरालॉइड बी-७२ ही ॲक्रिलिक राळ (१०० मिलिलिटरला ५ ग्रॅम) थेंबाथेंबाने मुरवायचे, आणि तसे केल्याची नोंद कार्डावर करायची. फेव्हिकॉल किंवा वॉर्निश लावलेल्या वस्तू वेगळ्या काढल्या. त्यांचा पृष्ठभाग आता वाचता येत नाही.

टेबलावरची साधने : दहापट भिंग, तिरका प्रकाश टाकण्यासाठी टॉर्च, पोलादी खिळा, लोहचुंबक, कोनमापक, एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा, बादली, सुतळी आणि ड्रॉपर असलेल्या बाटलीत १० टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड. बाजारात ते ३५ टक्क्यांच्या आसपास मिळते; एक भाग ॲसिड अडीच भाग पाण्यात सावकाश ओतायचे. ॲसिडमध्ये पाणी ओतायचे नाही, उसळते.

१२ जानेवारी : 'अंडी'

बहुतेक 'अंडी' म्हणजे गोलाकार झिजलेला बेसाल्ट. लाव्हा थंड होताना त्याला आडव्या-उभ्या भेगा पडतात, भेगांतून पाणी शिरते, ठोकळ्याचे कोपरे आधी कुजतात आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटत सुटत आत घट्ट गोळा उरतो. विहीर खणताना हे गोळे डझनांनी निघतात. ओळखायला सोपे : फुटलेल्या बाजूला बाहेर तांबूस-पिवळी साल, आत काळाकरडा ताजा दगड, आणि साल आतल्या दगडात हळूहळू मिसळते. अंड्याचे कवच असे मिसळत नाही. डायनासोरच्या अंड्याचे कवच काही मिलिमीटर जाडीचे, दोन्ही कडा स्पष्ट असलेले असते. आडव्या फुटीत भिंगाखाली कवचाला काटकोनात उभे स्फटिक दिसतात.

दुसरा गट गारगोट्यांचा. लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर सिलिका भरली आणि अकीक, कॅल्सेडोनी, गारेचे खडे तयार झाले. बाहेरून खडबडीत, अनेकदा हिरवट पापुद्रा चढलेला. फोडून बघण्याची गरज नाही. पाण्याची बादली काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायचा, दगड सुतळीने पाण्यात पूर्ण बुडवून तळाला न टेकवता धरायचा; काट्यावर दिसणारे ग्रॅम म्हणजे दगडाचे घनफळ मिलिलिटरमध्ये. कोरडे वजन भागिले हा आकडा. घट्ट बेसाल्ट २.८ ते ३.०, भरीव कॅल्सेडोनी २.६ च्या आसपास. गारगोटी त्याहून बरीच हलकी भरली तर आत पोकळी आहे.

१५ जानेवारी : 'हाडे'

सर्वांत जास्त वेळ या गटाला लागला, आणि तो लागायलाच हवा.

नदीच्या जुन्या गाळात चुना विरघळतो आणि पुन्हा साकळतो. त्याच्या गाठी, म्हणजे कंकर, पांढरट, बोटाएवढ्या-मुठीएवढ्या, टोकांना फुगीर. लहान प्राण्याच्या हाडाचा भास होतो तो या टोकांमुळे. झाडाच्या मुळाभोवती चुना साकळला तर नळ्या होतात : मधे छिद्र, एका टोकाकडे निमुळत्या, काहींना फाटे. मधले छिद्र बघून लोक त्याला मज्जेची पोकळी समजतात.

फरक फुटीत बघायचा. हाडाची बाहेरची भिंत घट्ट, एकसारखी, गुळगुळीत असते. आत जाळीदार भाग सुरू होतो, आणि या दोहोंमधली सीमा ठळक असते. दहापट भिंगाखाली घट्ट भिंतीत बारीक छिद्रे दिसतात, लांबीच्या दिशेने ती रेघा होतात. कंकरात असा थर नसतो. वाळूचे दाणे, बेसाल्टचे काळे कण आणि चुना एकमेकांत मळलेले असतात. हाडाच्या भिंतीत वाळूचा दाणा अडकलेला असू शकत नाही. ही एकच गोष्ट नीट बघितली तर बहुतेक नमुने जागेवर सुटतात.

ॲसिडचा थेंब कामाला येतो, पण फसवतोही. कंकर सगळीकडून जोरात फसफसतो. हाडाचा मूळ पदार्थ फॉस्फेटचा, तो जवळजवळ शांत राहतो. मात्र हाडाच्या जाळीत नंतर चुना भरलेला असेल तर तेही फसफसते आणि 'कंकर' असा चुकीचा निकाल येतो. म्हणून थेंब नखाएवढ्या सुट्या तुकड्यावर, घट्ट भिंतीच्या भागातच टाकायचा, भिंगातून बघायचे आणि लगेच पाण्याने धुवायचे. दातावर, शिंपल्यावर आणि अखंड नमुन्यावर ॲसिड अजिबात नाही.

जिभेला लावून बघायची जुनी रीत आहे : सच्छिद्र हाड चिकटते, दगड चिकटत नाही. ढिगाऱ्यातल्या वस्तूंना ती वापरू नये. ओले बोट टेकवले तरी ओढ कळते. शिवाय कंकरही थोडा चिकटतो, त्यामुळे या खुणेवर निकाल देता येत नाही.

हाड आहे हे ठरल्यावर दुसरा प्रश्न : जुने की परवाच्या बैलाचे? ताजे हाड हलके, पिवळट, चिवट. तापवलेल्या सुईचे टोक लावले की जळक्या केसांचा वास येतो. जीवाश्म झालेले हाड जड, टिचकी मारल्यावर खणखणीत, करडे-तपकिरी, आणि वास नाही. सुई फक्त आधीच तुटलेल्या कडेवर लावायची. विहिरीच्या ढिगाऱ्यात वरच्या काळ्या मातीतली ताजी हाडे आणि खालच्या गाळातले जुने तुकडे एकत्र पडलेले असतात, त्यामुळे 'एकाच विहिरीतून आले' हा वयाचा पुरावा होत नाही.

दात सापडला तर काम सोपे. लाव्हा किंवा चुना दातासारख्या दुमडी करत नाही. चमकदार, कठीण इनॅमलची कड, तिच्या घड्या, आणि मधला मऊ भाग खोलगट झिजलेला, एवढे दिसले की पुरे. हत्तीच्या दाढेच्या एकामागोमाग उभ्या पट्ट्या एकदा पाहिल्या की कायमच्या लक्षात राहतात. नमुन्यांतला एक मोठा 'दात' मात्र पट्टेदार अकीक निघाला : पट्टे सलग, कुठेही वाकून परत न येणारे, सगळ्यांचा कठीणपणा सारखा, खिळ्याचा ओरखडा एकाही पट्ट्यावर नाही. खऱ्या दातात इनॅमल आणि आतला भाग यांच्या कठीणपणात फरक असतो, म्हणूनच तर तो असमान झिजतो.

१८ जानेवारी : पाने, फुले, लाकूड

'पानाचे ठसे' जवळपास सगळे मँगॅनीजचे. भेगेत शिरलेल्या पाण्याने मागे ठेवलेले काळे ऑक्साइड फांद्या फुटल्यासारखे पसरते. मधली शीर नाही, पानाची कड नाही, फांद्या जाड-बारीक होत कुठेही संपतात, आणि सगळे फक्त भेगेच्या प्रतलात असते. कॅल्सेडोनीच्या आत तरंगणारे हिरवे-काळे तंतू तेही खनिजच, फक्त तीन मितींत वाढलेले.

'दगडी फूल' म्हणजे झिओलाइट, बहुधा स्कोलेसाइट : पांढऱ्या सुया एका बिंदूतून चहूकडे. प्रवाळाच्या नळ्यांना भिंती आणि पडदे असतात. या सुया भरीव.

लाकडाबाबत जपून. पट्टेदार चर्टमध्ये फक्त पट्टे असतात. खऱ्या अश्मीभूत लाकडात आडव्या छेदात भिंगाखाली नलिकांची छिद्रे ओळीने दिसतात. ताडवर्गीय असेल तर आडव्या छेदात ठिपके आणि उभ्या बाजूला त्याच ठिपक्यांच्या लांब रेघा. दोन्ही बाजू जुळल्याशिवाय लाकूड म्हणायचे नाही. नमुन्यांतला एक तुकडा या कसोटीला उतरतो, पण असे लाकूड लाव्ह्याच्या मधल्या थरांचे, नेवाशाच्या गाळाचे नव्हे. चिठ्ठीवर ठिकाण नाही. कुणीतरी विदर्भातून आणला असण्याची शक्यता धरून 'जीवाश्म, ठिकाण अनिश्चित' अशी नोंद.

२२ जानेवारी : छिलका वाचणे

दगडी हत्यारांचा गट सुरू. पहिले सूत्र : आकार बघू नका, फूट बघा. टोकदार त्रिकोण, बदामी आकार, हातात नीट बसणारा दगड, हे सगळे नदी रोज बनवते. माणसाचा हात फुटीच्या पृष्ठभागावर आणि फुटींच्या क्रमात दिसतो.

कॅल्सेडोनी, चर्ट, जॅस्पर शंखाभ, म्हणजे शिंपल्यासारख्या वळणदार पृष्ठभागाने, फुटतात. कठीण दगडाचा नेमका आघात एका बिंदूवर बसला की ताण त्या बिंदूपासून शंकूसारखा आत पसरतो आणि छिलका सुटतो. छिलक्याच्या पोटाकडच्या बाजूवर पाच गोष्टी शोधायच्या. वरच्या टोकाला आघाताची सपाट जागा, तिच्या कडेला चिरडलेला बिंदू, त्याच्या खाली फुगवटा, फुगवट्यावर अनेकदा एक छोटा खवला उडालेला, आणि तिथून खाली पसरत जाणाऱ्या अर्धवर्तुळाकार लाटा. टॉर्च जवळजवळ आडवी धरली की लाटा उठून दिसतात. सरळ प्रकाशात त्या हरवतात. कडेला आघातबिंदूकडे रोखलेल्या केसासारख्या बारीक चिरा असतील तर दिशा पक्की.

मग पाठ बघायची. पाठीवर आधी काढलेल्या छिलक्यांचे व्रण असतील, तेही साधारण त्याच दिशेने, तर गाभा (छिलके ज्यातून काढतात तो दगड) कुणीतरी क्रमाने सोलला आहे. पाठ पूर्ण सालीची (दगडाच्या मूळ बाहेरच्या पृष्ठभागाची) असेल तर तो पहिला छिलका असू शकतो किंवा नदीत आपटून उडालेला टवका. एकट्याने ठरत नाही.

पाती वेगळी ओळखू येतात. दोन्ही कडा समांतर, पाठीवर त्यांना समांतर एक किंवा दोन कणे, छेद त्रिकोणी किंवा समलंब. घोड नदीकाठच्या इनामगावला आणि इथे नेवाशालाही ताम्रपाषाण युगातल्या लोकांनी कॅल्सेडोनीची अशी पाती मोठ्या संख्येने काढली होती. असे पाते नदीच्या आपटण्यातून होत नाही.

उष्णतेने फुटलेले खवले या गटात घुसतात. उसाचे पाचट जाळलेल्या शेतातली गारगोटी झपाट्याने तापली-निवली की तिच्यावरून गोल, भिंगासारखे खवले उडतात. खवल्याची आतली बाजू एकसारखी फुगीर असते, आघाताची जागा नाही, बिंदू नाही, लाटा एका कडेपासून न निघता मध्याभोवती. सोबत जाळीदार तडे आणि लालसर छटा दिसते. हे नैसर्गिक ट्रेमध्ये, पण चिठ्ठीवर 'उष्णता' लिहून.

२६ जानेवारी : तुलनेसाठी फोडलेले नमुने

वर्णन वाचून डोळा तयार होत नाही, तुलनेला संच हवा. ४०० ते ६०० ग्रॅमचे गोल बेसाल्टचे गोटे हातोडा म्हणून आणि मुठीएवढ्या गारगोट्या गाभा म्हणून घेतल्या. कड ९० अंशांपेक्षा कमी असेल तिथे, कडेपासून ५ ते १० मिलिमीटर आत, किंचित बाहेरच्या दिशेने आघात. फार आत मारले तर छिलका सुटत नाही, आत शंकूच्या चिरा पडतात आणि पुढचे सगळे छिलके तिथे तुटतात. कडेच्या अगदी जवळ मारले तर कड फक्त चुरडते. कोन ९० च्या पुढे गेला की गाभा संपल्यात जमा. गारगोटीतली पोकळी किंवा स्फटिकांचा पट्टा लागला की फूट तिथे थांबते आणि टोक पायरीसारखे तुटते. खऱ्या हत्यारांतही हीच पायरी दिसते, म्हणून तिला नैसर्गिक तुटीची खूण मानू नये.

गॉगल, हातमोजे, मांडीवर जाड चामडे, आणि काम उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला पाठ करून, धुळीचा मास्क लावून. सिलिकाची धूळ फुप्फुसात गेलेली परत निघत नाही. खाली चादर अंथरून भुगा-टवके सगळे गोळा केले. कारण खऱ्या घडवण्याच्या जागेवर मोठ्या छिलक्यांपेक्षा बारीक टवके कितीतरी जास्त मिळतात, आणि तेच नदी वाहून नेते. टवके आणि छिलके एकत्र मिळाले तर जागा फारशी हललेली नाही.

प्रत्येक तुकड्यावर कायमच्या शाईने 'प्रयोग' आणि वर्ष. उरलेला भुगा शेतात टाकायचा नाही. तो काचेच्या बाटलीत भरून, बाटलीत चालू वर्षाचे नाणे ठेवून मगच पुरायचा. नाहीतर पुढच्या पिढीला आपण खोटे स्थळ देऊन जातो.

३० जानेवारी : नदीची नक्कल

दुसरा तुलनासंच नदीचा. गारगोट्या, बेसाल्टचे गोटे आणि पाणी काँक्रीट मिक्सरमध्ये घालून फिरवले. निघालेल्या वस्तू बघण्यासारख्या आहेत. टवके उडतात, काहींवर फुगवटाही आहे. पण ते जिथे दगड पुढे आलेला तिथेच उडतात, दोन्ही अंगांना, कधी इकडून कधी तिकडून, आखूड आणि खडे. कड तयार होते न होते तोच चुरडून बोथट होते. सलग एका बाजूने, सारख्या अंतरावर, एकाच उताराने काढलेले व्रण मिक्सरने दिले नाहीत. तासणीची (तासण्या-खरवडण्याच्या दगडी हत्याराची) कड म्हणजे नेमके तेच असते.

४ फेब्रुवारी : कोन

आल्फ्रेड बार्न्स यांनी १९३९ मध्ये मांडलेली कसोटी लावून पाहिली. आघाताची जागा आणि व्रण यांमधला कोन मोजायचा. माणसाने घडवलेल्या साठ्यात ९० अंश किंवा त्याहून मोठे कोन २५ टक्क्यांपेक्षा कमी असतात, नैसर्गिक तुटीत ते बरेच जास्त. कोनमापकाचा पाय जागेवर सपाट टेकवायचा, दुसरा व्रणाच्या पहिल्या काही मिलिमीटरवर. व्रण पुढे वळतो, त्यामुळे खाली मोजले तर आकडा बदलतो. एका छिलक्याचे दोघांनी स्वतंत्र मोजमाप घ्यायचे.

ही कसोटी साठ्याची आहे, एकेका दगडाची नाही. आमच्यासारख्या उचलून आणलेल्या, निवडक साठ्याला ती पूर्ण लागूही पडत नाही, कारण लोक चांगले दिसणारे तेवढेच उचलतात. म्हणून कोन कार्डावर लिहायचा, निकाल त्यावरून द्यायचा नाही. एकाच छिलक्यावर विसंबू नये याचे आणखी एक कारण : ब्राझीलमधल्या सेरा दा कापिवारा उद्यानात कॅप्युचिन माकडे दगडावर दगड आपटतात आणि त्यातून शंखाभ फुटीचे छिलके पडतात, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ती माकडे ते छिलके कापायला वापरत नाहीत. एकटा छिलका आघात सिद्ध करतो, हेतू नाही.

८ फेब्रुवारी : माणसानेच फोडलेले, पण आजचे

सर्वांत अवघड 'हत्यारे' हीच, कारण फुगवटा आणि आघातबिंदू दोन्ही खरे असतात.

खडी : क्रशर आणि घण दोन्ही बेसाल्टचे उत्तम छिलके पाडतात. ताजा काळा रंग, जाड आघातजागा, पाठीवर क्रम नाही, क्वचित पोलादाची करडी रेघ. रस्त्याकडेच्या किंवा रेल्वेलगतच्या पट्ट्यात मिळालेल्या बेसाल्टच्या प्रत्येक छिलक्यावर हा संशय आधी घ्यायचा. पाथरवटाने जोत्याचे दगड घडवले तिथेही असेच ढीग असतात.

नांगर आणि जेसीबी : जुन्या दगडावर नवा ओरखडा. व्रणांच्या रंगाची तुलना करायची. सगळे व्रण सारखेच झाकोळलेले तर एकाच काळातले. एखादाच व्रण आतला ताजा रंग दाखवतो तर तो नंतरचा. खऱ्या हत्यारावरही असा नवा घाव असतो, त्यामुळे एका ताज्या व्रणापायी वस्तू बाद करायची नाही.

चकमक : काडेपेटी घरोघर येण्यापूर्वी चकमकीच्या पिशवीत गारगोटीचा तुकडा असे. त्याच्या कडा तासणीसारख्या झिजतात. ओळख अशी की कडेवर एकाच जागी पुन्हा पुन्हा चुरडल्याच्या खुणा, पायरीसारखे आखूड व्रण एकावर एक, आणि भिंगाखाली कधी तांबेरलेल्या लोखंडाचे ठिपके. हेही माणसाचेच, जपण्यासारखेच. फक्त अश्मयुगाचे नव्हे. वेगळे पाकीट केले.

१३ फेब्रुवारी : बेसाल्ट आणि डोलेराइटची मोठी हत्यारे

इथल्या गारगोट्या लहान, त्यामुळे मोठ्या हातकुऱ्हाडी-फरश्या घट्ट बेसाल्टच्या आणि डोलेराइटच्या (बेसाल्टच्याच कुळातला, अधिक भरड दगड). हा दगड भरड आहे. फुगवटा पसरट, लाटा अंधूक, आणि हजारो वर्षांच्या कुजण्याने व्रणांमधले कणे गोलावलेले. कॅल्सेडोनीच्या खुणा इथे शोधल्या तर खरी हातकुऱ्हाड हातातून सुटते.

इथे व्रणांची मांडणी वाचावी लागते. तिरक्या प्रकाशात प्रत्येक व्रणाची सीमा खडूने हलकेच आखायची आणि दोन्ही बाजूंचे रेखाटन करायचे. व्रण कडेपासून आत जातात का? दोन्ही बाजूंना आहेत का? कडेकडून बघितल्यावर एकच सलग रेषा दिसते का? फरशीत धारेचा भाग छिलक्याची मूळ कड असते, तिच्यावर दुरुस्ती (धार घडवायला काढलेले बारीक टवके) नसते. बाजू मात्र घडवलेल्या. नैसर्गिक बदामी गोट्यात व्रण दोन-तीन, वेगवेगळ्या झिजेचे, आणि कड मधेच सालीत विरते. पृष्ठभागावरचे खड्डेही बघायचे : बुडबुड्यांचे खड्डे गोल आणि गुळगुळीत तळाचे, व्रणांशी त्यांचा संबंध नाही.

नदीने लोळवलेली एक वस्तू पुढेमागे झाली. आकार, सममिती सगळे हातकुऱ्हाडीचे, पण रेखाटनात तीनच व्रण उरतात आणि ते एकाच बाजूला. 'ठरत नाही'.

१७ फेब्रुवारी : भोके, खळगे, वरवंटे

भोक पडलेले दगड : लाव्ह्यातल्या नळीसारख्या पोकळीतला भराव झिजून गेला की आरपार भोक पडते. भिंत नैसर्गिक, वेडीवाकडी. माणसाने पाडलेले भोक दोन्हीकडून कोरलेले, मधे अरुंद, आतल्या भिंतीवर गोल फिरणाऱ्या रेघा.

वरवंटा किंवा पाटा : वापराने एकच बाजू घासली जाते, रेघा एका दिशेला. नदी सगळ्या बाजू आणि खाचाही घासते. हातोडा म्हणून वापरलेल्या गोट्यावर आघाताच्या पांढुरक्या खुणा टोकांवर दाटलेल्या. नदीच्या गोट्यावर विखुरलेल्या.

कातळातले खळगे माणसाने कोरले असे सांगणाऱ्या दोन चिठ्ठ्या आहेत. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघून यावेत : भोवऱ्यात फिरणारे गोटे कातळ किती खोल आणि किती सुबक कोरतात ते तिथे दिसते, कित्येकदा गोटे तळाशीच पडलेले असतात.

२१ फेब्रुवारी : कार्ड आणि पुढची पाठवणी

प्रत्येक वस्तूचे कार्ड : क्रमांक, ठिकाण आणि ते किती खात्रीचे, खडक, लांबी-रुंदी-जाडी मिलिमीटरमध्ये, वजन, दिसलेल्या खुणा, न दिसलेल्या खुणा, निकाल, निकाल देणाऱ्या दोघांची आद्याक्षरे. 'न दिसलेल्या खुणा' हा रकाना सक्तीचा. 'फुगवटा नाही, आघातजागा तुटलेली' असे लिहिलेले असेल तर पुढच्या तपासणाऱ्याला निकालाचा पाया कळतो. नुसते 'छिलका' लिहिलेले कार्ड निरुपयोगी. फोटो चार : दोन बाजू, एक कड, एक आघातजागा, प्रकाश डावीकडून वरून, पट्टी प्रत्येक फोटोत.

क्रमांक वस्तूवर लिहिताना आधी पॅरालॉइडचा ठिपका, त्यावर शाई, त्यावर पुन्हा ठिपका. जागा सालीवर निवडायची; धारेवर, आघातजागेवर किंवा दुरुस्तीच्या व्रणांवर कधीच नाही.

हाडांचा ट्रे, पात्यांचे पाकीट आणि दोन फरश्या ठिकाणांच्या नोंदींसह तज्ज्ञांकडे तपासणीला जातील. 'ठरत नाही' ट्रेमधल्या वस्तू ठिकाणानुसार लावल्या. एकाच विहिरीच्या ढिगाऱ्यातून चर्टचे संशयित छिलके एकत्र आलेले दिसतात. त्या ढिगाऱ्याची माती ५ मिलिमीटर आणि २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळून बारीक टवके मिळतात का ते बघायचे, शेतमालकाच्या परवानगीने, नांगरट सुरू होण्याआधी.